तुमचा संगणक कितव्या विंडोजचा?

मागे एकदा माझ्या भाच्याचा फोन आला. आवाजात काळजी. "मामा, नवा लॅपटॉप घ्यावा लागणार. दुरुस्तीवाला म्हणतो, यात विंडोज टेन आहे आणि तिची मुदत संपली." भाचा शिकवण्यांवर घर चालवतो. म्हटलं, "थांब, आधी संगणकालाच विचारू."

हे विचारणं सोपं आहे. विंडोजचं चिन्ह असलेली कळ दाबून ठेवायची आणि आर दाबायचं. छोटी चौकट येते, तीत सी, एम, डी ही अक्षरं लिहून एंटर. काळी खिडकी उघडते. तिला म्हणतात कमांड प्रॉम्प्ट. घाबरू नका, इथे फक्त व्ही, ई, आर एवढंच लिहायचं आणि पुन्हा एंटर. संगणक एका ओळीत उत्तर देतो.

भाच्याने वाचलं, "व्हर्जन १०.०... मामा, टेनच आहे की!"

"दहावर थांबू नकोस. पुढचा पाच आकडी नंबर वाच."

"२६१००."

म्हणजे विंडोज इलेव्हन! मग सुरुवातीला दहा का? त्याचं कारण जुनं आहे. एक्सपीचा अंतर्गत क्रमांक ५.१ होता. व्हिस्टा ६.० घेऊन आली, तेव्हा पहिला आकडा बदललेला पाहून कित्येक जुने प्रोग्रॅम चालेनासे झाले. म्हणून २००९ मध्ये विंडोज सेव्हन आली तरी आतून ती ६.१ च राहिली. २०२१ मध्ये आलेल्या इलेव्हननेही आतला १०.० तसाच ठेवला. तेव्हा नाव बाहेरच्या पाटीवरचं, क्रमांक आतला. दोन्ही जुळतीलच असं नाही.

घरच्या संगणकासाठी खूण एवढीच: तो पाच आकडी नंबर २२००० किंवा जास्त असेल तर इलेव्हन. १९०४५ दिसला तर ती टेनची शेवटची आवृत्ती.

हा फरक महत्त्वाचा, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी टेनचा नेहमीचा सपोर्ट थांबला. मुदतवाढीची नोंदणी केली नसेल, तर सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या त्यानंतर मिळत नाहीत. संगणक चालू राहतो, पण नव्याने सापडलेली भोकं उघडीच राहतात. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणं शहाणपणाचं नाही. इलेव्हनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. तिच्या प्रत्येक आवृत्तीला घरगुती वापरासाठी दोनच वर्षांची मुदत असते, म्हणून अपडेट घेत राहावं.

मॅक वापरणाऱ्यांनी हाच प्रश्न टर्मिनल उघडून विचारायचा. तिथे लिहायचं एस, डब्ल्यू, अंडरस्कोर, व्ही, ई, आर, एस.

भाच्याने नवा लॅपटॉप घेतला नाही. तुम्हीही दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी ती ओळ एका कागदावर उतरवून ठेवा आणि त्याच्यासमोर वाचून दाखवा.