दारात हत्ती बांधण्याआधी चाऱ्याचा हिशेब करा

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्यांची खरेदी झाली. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला. घेणारे बहुतेक उद्योजक, बिल्डर, डॉक्टर होते. म्हणजे महिन्याच्या महिन्याला आवक असणारी माणसं. आता तशी गाडी खेड्यातही शिरली आहे, पण वेगळ्या वाटेने. एमआयडीसीत, बाह्यवळणात किंवा समृद्धी महामार्गात जमीन गेली, की मोबदला एकरकमी खात्यावर पडतो. त्यातून आधी घराचा स्लॅब पडतो, मग पोरीचं लग्न उरकतं आणि मग दारात गाडी येते. पूर्वी ती जीप असे, नंतर स्कॉर्पिओ झाली. आता शहरातून आणलेली आठ-दहा वर्षांची बीएमडब्ल्यू, ऑडी नाहीतर मर्सिडीज असते.

हौसेला मोल नसतं. जन्मभर ढेकळं तुडवणाऱ्याने चांगल्या गाडीत बसू नये, असे म्हणणारे आपण कोण? पण प्रश्न बसण्याचा नाही, पोसण्याचा आहे.

गाडी उतरते, सुटे भाग उतरत नाहीत

नवी असताना ५० लाखांची असलेली गाडी दहा वर्षांनी आठ-दहा लाखांत मिळते. 'नव्या लहान गाडीच्या पैशात मर्सिडीज येतेय, मग काय हरकत?' असे पारावर बोलले जाते. हरकत इथेच आहे. गाडीची किंमत उतरली, तरी तिच्या सुट्या भागांची उतरलेली नसते. दहा लाखांत घेतलेल्या गाडीचा खर्च ५० लाखांच्या गाडीचाच राहतो. उलट गाडी जुनी, म्हणून तो लवकर आणि वारंवार येतो.

टायरचेच घ्या. यातल्या बऱ्याच गाड्यांना, विशेषतः बीएमडब्ल्यूला, 'रन फ्लॅट' टायर असतात आणि स्टेपनी नसते. हवा गेली तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत वेग ठेवून साधारण ८० किलोमीटर जाता येते. सोय चांगली आहे, पण आपल्या रस्त्यांवर खड्ड्यात आपटून टायरची कड फाटली, की टायर बाद. नवा टायर २० हजारांच्या पुढे जातो आणि तालुक्याच्या दुकानात मिळेलच असे नाही.

मोठ्या गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेवरचे सस्पेन्शन असते. त्यातले रबराचे फुगे वयाने आणि उन्हाने तडकतात. हवा गळू लागली, की ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जळतो. सकाळी उठून पाहावे, तर गाडी एका बाजूला बसलेली! एका चाकाचा खर्च लाखाच्या घरात जातो. तसेच हेडलाइटचे. म्हैस आडवी आली आणि नवा एलईडी दिवा फुटला, तर तोही लाखाच्या आसपास.

ऑइल बदलायचे म्हटले, तर अल्टोला तीन लिटरच्या आत भागते. मोठ्या डिझेल इंजिनाला सहा ते आठ लिटर लागते, तेही पूर्ण सिंथेटिक. शिवाय या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी सलग वेगाने पळाली, तरच त्यातली काजळी जळते. गाव ते तालुका, तालुका ते गाव अशा पाच-सात किलोमीटरच्या खेपांत ती साचते आणि फिल्टर तुंबतो. म्हणजे गाडी न पळवण्याचाही खर्च आहेच.

विम्याच्या भरवशावर राहू नका

'विमा आहे ना, मग काय काळजी?' असे अनेकांना वाटते. पण नेहमीच्या विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. अपघातात तुटलेल्या रबरी आणि प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत कापली जाते. धातूच्या भागांवर गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के, त्यापुढे ५० टक्के कपात होते. ही कपात टाळणारा जादा विमा जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही पुन्हा स्टार्टर मारला, तर इंजिनात पाणी जाऊन ते निकामी होते. इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर हा दावाही अडतो.

दिल्लीची गाडी, इथला कर

दहा वर्षांपुढील डिझेल गाड्या दिल्लीत चालवण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या भारी गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची, तर नोंदणी इकडे करून घ्यावी लागते. तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला आणावा लागतो, इथला कर भरावा लागतो. दलाल हा खर्च आधी सांगत नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, हेही तुम्हीच बघायचे.

घेण्याआधी एवढे करा

घ्यायचीच असेल, तर गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन तपासून घ्या. चार-पाच हजार गेले तरी चालतील. तिच्या सर्व्हिसिंगची जुनी नोंद मागा. नोंद नसेल तर गाडी सोडून द्या. वर्कशॉप तुमच्या गावापासून किती लांब आहे, टोइंगचे किती पडतील, हे विचारा. आणि चार टायर, एक सस्पेन्शन, एक हेडलाइट आणि वर्षाचा विमा, एवढ्यांचे दर कागदावर लिहून बेरीज मारा. दर वर्षी एवढे सगळे लागेल असे नाही. पण लागले, तर पीक मोडून किंवा कर्ज काढून भरावे लागेल का, याचे उत्तर घरात बसून द्या.

दुसरी बाजूही मांडा. दहा लाख बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला ६० हजार व्याज येते. त्यात साध्या गाडीचे ऑइल, टायर, विमा भागून डिझेललाही काही उरते आणि मुद्दल जागेवर राहते. ट्रॅक्टरवर केलेला खर्च नांगरटीत, वाहतुकीत काही ना काही परत येतो. भारी गाडी उभी राहूनही खाते. विकायला काढली, तर तिचा खर्च माहीत असलेले गिऱ्हाईक फिरकत नाही आणि ती लिंबाखाली धूळ खात पडते.

जमिनीचा मोबदला एकदाच येतो. गेलेली जमीन दर वर्षी पीक देत होती. तिच्या बदल्यात जे काही घ्याल, ते दर वर्षी काय देणार आणि काय मागणार, हे आधी विचारा. गाडीची किंमत दलाल सांगेल; तिला पोसायला काय लागते, ते वर्कशॉपमधल्या मिस्त्रीला विचारा आणि मगच विसार द्या.