दगडाचे फोटो झाले, आता माणसांचे!

अंबरनाथच्या शिवमंदिरावर कोरलेल्या नर्तकींकडे कॅमेरा वळला त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे हे शिलाहारकालीन मंदिर. १८६८ मध्ये मुंबई सरकारने त्याची रेखाटने, छायाचित्रे आणि मूर्तींचे साचे करून घेतले. तेवढी निगुती मंदिरासमोर महाशिवरात्रीच्या यात्रेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या वाट्याला आली नाही. माझे सारे म्हणणे त्यांच्याविषयी आहे.

मला ज्यांचे विलक्षण आकर्षण आहे ते दोघे भाऊ इथेच भेटतात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी या मंदिराचा शिलालेख वाचायला घेतला. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी छायाचित्रकार होते आणि मुंबईतल्या माणसांचे फोटो काढत होते. एकाने दगड वाचला, दुसऱ्याने माणसे टिपली! १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, नारायण दाजी तिच्यात उत्साहाने वावरले. त्याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या रहिवाशांचे दोन खंड छापले. ते पाहताना मी तासन्‌तास हरवतो: पागोट्यांचे पीळ, लुगड्यांचे काठ, उभे राहण्याची ढब. पण माणसे आधी टिपून मागचे देखावे नंतर जोडलेले आहेत आणि फोटोखाली व्यक्तीच्या नावाऐवजी जात लिहिली आहे. माणूस जागेपासूनही तुटला, नावापासूनही.

ही तूट आपल्याच छायाचित्रकारांनी भरून काढली. संदेश भंडारे यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक मी कुणालाही आधी हाती देतो. त्यात बोर्डावरच्या रंगाइतकीच राहुटीतली माणसेही महत्त्वाची आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांना गटारात, रस्त्यावर आणि त्यांच्या घरातही पाहिले. गौतम राजाध्यक्षांचे ‘चेहरे’ देखणेच, पण मला कलावंताच्या चेहऱ्याइतकीच त्याच्या भोवतालाची ओढ आहे.

आमचा भोवताल थोडक्यात असा. अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना आणि आनंदनगरची एमआयडीसी. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचे १९४९ मध्ये नाव मिळालेले शहर, तिथे चेटीचंडला झुलेलालची मिरवणूक निघते. पुढे बदलापूर, पहाटे लोकल पकडणाऱ्यांचे.

त्या लोकलमध्येच आमचा खरा रंगमंच आहे. भजनी मंडळ डब्यात शिरले की कुणी टाळ काढतो, कुणी मृदंगाची जागा राखतो, उरलेले डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतात. आठ तास यंत्रापुढे राबणारा माणूस त्या तासाभरात बुवा होतो. एका बुवांना मी फोटो दाखवला, तेव्हा ते म्हणाले, “अहो, खाली गाडीची वेळ लिहा. मंडळ वेळेवरूनच ओळखतात.” छायाचित्रणावरची कितीतरी भाषणे मी ऐकली, पण याहून नेमके कुणी बोलले नाही.

नव्या मुलांना म्हणूनच सांगतो. मांडवातल्या दिव्यांखाली फोटोवर पट्टे येतात, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आणि असे बरेच दिवे शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. फ्लॅश टाळा, गाणाऱ्याची तंद्री मोडते. आधी ऐका, विचारा, मग काढा. पोतराज, वासुदेव, तृतीयपंथी कलावंत यांच्याकडून परवानगी घ्या आणि फोटोची एक प्रत त्यांच्या हाती द्या. मग नाव, गाव, वाद्य, चाल, प्रसंग आणि तारीख लिहा. कलावंताला नाव द्यायचे नसेल, तर त्याचा शब्द पाळा.

तिन्ही शहरांच्या सार्वजनिक वाचनालयांनी अशा फोटोंसाठी एकेक कपाट राखून ठेवावे. शिवमंदिराच्या दगडासाठी १८६८ च्या सरकारला खर्च परवडला, आज खिशातल्या फोनवर तेच काम होते. येत्या महाशिवरात्रीला सुरुवात करा, आणि नावे लिहायला वही विसरू नका.