दोन महिन्यांत गाडीचा रंग का फुगतो? दोष डब्यातल्या रंगाचा नसतो, त्याच्या खालच्या थरांचा असतो

पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी घासून जातं. दरवाजाला डेंट पडतो. चार दिवस गाडी गॅरेजला लावली की डेंट नेमका कुठे होता, तेही सापडत नाही. पैसे वसूल!

मग पाऊस सुरू होतो. त्याच जागी आधी बारीक फुगे येतात, मग पोपडे निघतात. गॅरेजवाला म्हणतो, ‘रंगाचा डबाच खराब निघाला.’

बहुतेक वेळा डबा निर्दोष असतो. चूक झालेली असते ती त्याच्या खाली, पुट्टी आणि प्रायमरमध्ये.

रंगाखाली नेमकं काय असतं?

डेंट काढताना आधी पत्रा ठोकून जागेवर आणतात. उरलेला खळगा पुट्टीने भरतात. त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी चमकदार क्लिअर कोट.

पुट्टी म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि टाल्कची, म्हणजे शंखजिऱ्याची पेस्ट. ती नुसती हवेने वाळत नाही. तिच्यात हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया होते आणि ती घट्ट होते. प्रायमर तिच्यावरच्या बारीक रेघा झाकतो आणि रंगाला पकड देतो.

लक्षण कोणतं, चूक कुठली?

फुगे येणं : पुट्टी सच्छिद्र असते, पाणी शोषते. पण धूळ उडू नये म्हणून अनेक ठिकाणी ती पाणी मारून घासतात. ते पाणी आत मुरतं, पत्र्यापर्यंत पोचतं आणि वरून रंगाने कोंडलं जातं. आत गंज, बाहेर फुगे. म्हणून पुट्टी कोरडीच घासायची. जुना गंज पूर्ण न काढता पुट्टी लावली तरी हेच होतं.

पिवळट डाग : हार्डनर जास्त झाला. त्यातलं बेंझॉइल पेरॉक्साइड शिल्लक राहतं आणि रंगातून वर येतं. पांढऱ्या आणि फिक्या गाड्यांवर डाग पटकन दिसतो. साधारण प्रमाण १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम हार्डनर, पण डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाहायचं. ‘लवकर सुकेल’ म्हणून जास्त हार्डनर घालणं इथेच नडतं. उलट कमी पडला, तर पुट्टी मऊ आणि चिकट राहते.

टाचणीएवढी छिद्रं : पुट्टी फेटल्यासारखी ढवळली की हवा आत अडकते. ती दाबून, पसरवून मिसळायची आणि पातळ थरांत लावायची. प्रायमर ही छिद्रं भरत नाही, फक्त तात्पुरती झाकतो.

पुट्टीची कड किंवा रेघा दिसणं : गाडी दिली तेव्हा सगळं सपाट होतं, महिन्याभरात कड उमटली. प्रायमरचे जाड थर घाईघाईने एकावर एक मारले की थिनर आत अडकतो. तो हळूहळू उडतो, प्रायमर आक्रसतो आणि खालचं सगळं वर दिसू लागतं. ८० नंबरच्या पेपरने घासून थेट प्रायमर मारला, तरी त्या खोल रेघा नंतर डोकं वर काढतात. ८०, मग १८०, मग ३२० असं टप्प्याटप्प्यानेच जावं लागतं.

सुरकुत्या पडणं : खालचा जुना रंग कच्चा असतो आणि नव्या प्रायमरमधला थिनर त्याला उचलतो. तपासणी सोपी आहे. कापडावर थिनर घेऊन जुन्या रंगावर चोळा. रंग मऊ पडला किंवा कापडाला लागला, तर तो थर आधी काढायला हवा.

पुट्टीचा अख्खा पापुद्रा सुटणं : पत्रा गुळगुळीत किंवा तेलकट राहिला. ॲसिड असलेल्या एच प्रायमरवर थेट पुट्टी लावली, तरी ती नीट घट्ट होत नाही. इपॉक्सी प्रायमरवर मात्र चालते.

मग पुन्हा रंग मारला तर?

काही उपयोग नाही. दोष ज्या थरात आहे तिथपर्यंत खरवडावंच लागतं. वरून टचअप करणं म्हणजे ओल न काढता भिंतीला चुना लावणं. फुगे परत येणारच, आणि खर्चही दुसऱ्यांदा.

तुम्ही काय करू शकता?

- प्रायमर मारण्याआधीचा फोटो मागा. पुट्टी किती जाड आहे आणि कुठवर आहे, ते कळतं.
- पुट्टी कोरडी घासणार का, हे आधीच विचारा.
- ‘उद्याच गाडी द्या’ असा तगादा लावू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेत तर नाहीच. बरेच दोष घाईतूनच जन्मतात.
- जुनी गाडी घेताना फ्रिजवरचं चपटं लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. एखाद्या जागी पकड ढिली वाटली, तर खाली जाड पुट्टी असू शकते. प्लास्टिकचा बंपर आणि ॲल्युमिनियमवर ही युक्ती चालत नाही.
- घरी प्रयोग करणार असाल, तर हार्डनरवाल्या टूके प्रायमरपासून लांब राहा. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो आणि साधा कापडी मास्क तिथे पुरत नाही.

गाडी ताब्यात घेताना सगळे चमक बघतात. पण चमक फक्त सगळ्यात वरच्या थराची असते. काम किती टिकणार, हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.