आधी पोर्ट मोजा, मग मॉनिटर
ट्रेडिंगचा संगणक : भाग चौथा

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात जाऊन ‘ट्रेडिंगसाठी चार स्क्रीनचा कॉम्प्युटर पाहिजे’ म्हटले, की दुकानदाराचा हात बहुधा गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डाकडे जातो. तीन पंखे, रंगीत दिवे, खोक्यावर आग ओकणारे काहीतरी. भंडाऱ्याचा माणूस साठेक किलोमीटर येऊन उभा असतो, दुसरी फेरी नको असते, म्हणून तो घेऊन टाकतो. आणि ज्या ताकदीचे पैसे मोजले, ती ताकद ट्रेडिंगमध्ये कधी लागतच नाही.

गेममध्ये कार्डाला दर सेकंदाला लाखो त्रिकोण, सावल्या आणि पाण्यावरची चमक मोजून काढावी लागते. कँडलस्टिक चार्ट म्हणजे रेषा, आयत आणि आकडे. एवढे काम प्रोसेसरच्या पोटातले छोटे ग्राफिक्सही आरामात करते. चार्ट अडखळत असेल तर दोष बहुतेक वेळा रॅमचा, ढीगभर टॅब उघडलेल्या ब्राउझरचा किंवा इंटरनेटचा असतो. त्याचा हिशेब मागच्या भागात झाला. ट्रेडरला कार्डाकडून खरे तर एकच गोष्ट हवी असते: जितके मॉनिटर, तितकी पोर्ट.

म्हणून खरेदीची सुरुवात कार्डापासून करू नका, मदरबोर्डाच्या मागच्या बाजूपासून करा. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये यूएचडी ७३० किंवा ७७० हे ग्राफिक्स असते आणि ते चार डिस्प्लेपर्यंत चालवू शकते. अडचण अशी, की स्वस्त मदरबोर्डावर पोर्ट दोनच असतात, फार तर तीन. शिवाय त्यातले एखादे जुने व्हीजीए निघते. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर आत ग्राफिक्सच नाही. तो थोडा स्वस्त मिळतो आणि वाचलेले पैसे कार्डात जातात. एएमडीत रायझन ५००० मालिकेतला ‘जी’वाला प्रोसेसर घ्यावा लागतो, ७००० मालिकेत ‘एफ’ सोडले तर जवळपास सगळ्यांत छोटे ग्राफिक्स आहे. दोन मॉनिटरवर काम भागणार असेल तर विषय इथेच संपला, कार्डाची गरज नाही.

तीन-चार मॉनिटर हवेत तर गेमिंगचे नव्हे, वर्कस्टेशनचे छोटे कार्ड शोधा. एनव्हिडियाच्या टी४०० ला तीन मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत आणि पूर्ण भारावरही ते ३० वॉटच्या आसपास वीज खाते. टी६०० आणि टी१००० ला अशी चार पोर्ट आहेत. टी१००० ची वीज ५० वॉट. एकालाही पॉवर सप्लायकडून वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर ती चालतात. आधीच्या पिढीतले क्वाड्रो पी६२० हेही चार पोर्टांचे. कंपन्यांच्या जुन्या संगणकांतून निघालेले सेकंडहँड मिळाले तर वाईट नाही. फक्त मिनी डिस्प्लेपोर्टचे कन्व्हर्टर सोबत आहेत का ते विचारा. ते निसटले की वेगळा खर्च.

जीटी ७१० मात्र नको. ते अजूनही ‘ट्रेडिंग कार्ड’ म्हणून पुढे केले जाते, आसूसने त्याचे चार एचडीएमआयवाले रूपही काढले होते, पण त्या पिढीसाठी नवे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने २०२१ मध्ये थांबवले. जीटी १०३० वर दोनच मॉनिटर चालतात. तेवढे तर मदरबोर्डही देतो. आणि कितीही महागडे जीफोर्स घेतले तरी एका कार्डावर एका वेळी चारच डिस्प्ले, त्यावर नाही. पाचवा हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचे ग्राफिक्स चालू ठेवायचे, म्हणजे मदरबोर्डाची पोर्टही जागी होतात. कार्ड बसवल्यावर ती आपोआप बंद होतात आणि पुष्कळांना ती खराब झाली असे वाटते.

सर्वांत जास्त फसगत एचडीएमआय स्प्लिटरने होते. एका पोर्टाची दोन करणारी ती डबी दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दाखवते. लग्नाच्या मांडवात दोन टीव्ही लावायला ती ठीक. एका स्क्रीनवर निफ्टी आणि दुसरीवर ऑर्डरबुक तिच्याने होणार नाही. एका डिस्प्लेपोर्टातून खरोखर वेगळी चित्रे काढायची तर एमएसटी हब लागतो, किंवा डिस्प्लेपोर्टचे ‘आउट’ असलेला मॉनिटर. डिस्प्लेपोर्ट १.२ वर अशी चार फुल एचडी चित्रे ६० हर्ट्‌झने बसतात. यूएसबीतून मॉनिटर चालवणारे अडॅप्टर चित्राचे काम प्रोसेसरवर टाकतात. बातम्यांच्या खिडकीला चालेल, ऑर्डर जिथून टाकता त्या स्क्रीनला नको.

आता मॉनिटर. २४ इंची फुल एचडीवर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल बसतात. तेच फुल एचडी २७ इंचांवर ताणले की ८२ उरतात आणि ऑप्शन चेनचे बारीक आकडे भुरभुरीत दिसू लागतात. म्हणजे २४ इंच असेल तर फुल एचडी, २७ घ्यायचा तर क्यूएचडी. पॅनेल आयपीएसच घ्या. समोर एकच मॉनिटर असतो तेव्हा टीएन खपून जाते. तीन-चार लावले की कडेचे तिरके दिसतात आणि तिथे टीएनचे रंग फिरतात. मॉनिटर उभा करून ऑप्शन चेन लावायची असेल तर टीएनचा विचारही नको. निफ्टीत दर ५० अंकांना एक स्ट्राइक असते, त्यामुळे चेन लांबलचक होते, आणि उभ्या मॉनिटरवर ती न सरकवता बरीच खाली दिसते. ही सोय मला पाचव्या मॉनिटरपेक्षा मोलाची वाटते. त्यासाठी मागे १०० बाय १०० मिलिमीटरची वेसा भोके असलेला मॉनिटर घ्या. आर्म नंतर लावता येतो, भोके नंतर पाडता येत नाहीत.

१४४ हर्ट्‌झचे काय? ६० हर्ट्‌झवर चित्र साधारण १७ मिलिसेकंदांनी बदलते, १४४ वर ७ ने. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा फरक, आणि भाव मुंबईहून तुमच्या ब्रोकरमार्गे लाखनीला पोचायलाच त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. ज्यांचा धंदाच मिलिसेकंदांवर आहे ते आपले सर्व्हर थेट एनएसईच्या कोलोकेशनमध्ये ठेवतात. त्यांच्याशी स्पर्धा मॉनिटर बदलून होत नाही.

चार छोट्यांऐवजी एक ४३ इंची फोर-के घेतला तर? हिशेब सरळ आहे: फोर-केत फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, म्हणजे साडेएकवीस इंची चार मॉनिटर, मधल्या पट्ट्या नसलेले. पोर्टही एकच लागते, फक्त ते एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट हवे, एचडीएमआय १.४ वर फोर-के ३० हर्ट्‌झलाच अडकते आणि माउस ओढल्यासारखा चालतो. स्वस्तात पडतो म्हणून टीव्ही उचलत असाल तर तो ४:४:४ रंग दाखवतो का ते बघा. नसेल तर काळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरे कडेने विरघळतात, आणि आपल्या पडद्यावर अर्धा दिवस लाल अक्षरेच असतात. एकाच मॉनिटरचा तोटा उघड आहे: तो बिघडला तर सगळेच गेले.

किती मॉनिटर हवेत, हे तुम्ही काय बघता त्यावर ठरते. भंडाऱ्यातल्या पितळेच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याला तांबे आणि जस्त या दोनच भावांशी देणेघेणे. एमसीएक्सवर तांब्याचा सौदा अडीच टनांचा असतो, त्यामुळे छोटा व्यापारी भाव बघतो, सौदा क्वचितच करतो. त्याला एक मॉनिटर पुरे. तुमसरच्या धानवाल्याला तर वायद्याच्या स्क्रीनचा उपयोगच उरला नव्हता, कारण सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये बिगर-बासमती धानाचे वायदे स्थगित केले आणि ती स्थगिती पुढे वाढवत नेली. दीर्घ मुदतीसाठी शेअर घेणाऱ्याला लॅपटॉप चालतो. उरतो तो सव्वानऊ ते साडेतीन खुर्ची न सोडणारा ऑप्शनवाला. त्याला एक चार्टला, एक ऑर्डर आणि पोझिशनला, एक उभा चेनला, असे तीन पुरतात. चौथ्यावर बहुतेक ठिकाणी मी यूट्यूब चालू पाहिले आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. चौथा मॉनिटर घ्यायचाच तर तो नफ्यातून घ्या, ठेवी मोडून नव्हे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार कार्ड निवडतानाच करावा लागतो. मे महिन्यात बाहेर पारा ४५ ला टेकलेला असताना दोनशे वॉटचे कार्ड खोलीत आणखी शेगडी पेटवते. आणि कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. कूलरची हवा ओली असते, सोबत धूळ आणि पाण्यातले क्षार आणते, आणि हे सगळे पंख्यांवर आणि पोर्टांत बसते. तीस वॉटच्या कार्डाला एवढ्या थंडाव्याची गरजही नाही. लाइन गेली की त्याचा आणखी एक फायदा कळतो: २४ इंची एलईडी मॉनिटर २० वॉटच्या आसपास वीज घेतो, म्हणून तीन मॉनिटर आणि छोटे कार्ड साध्या यूपीएसवर पोझिशन बंद करण्यापुरती वेळ काढतात.

पैसे देण्यापूर्वी एक करा. तुम्ही घेणार तेच सगळे मॉनिटर, त्याच केबलींनी, दुकानातच एकदम जोडून दाखवायला सांगा. सेटिंगमध्ये ‘एक्स्टेंड’ निवडून एकच खिडकी एका टोकाच्या मॉनिटरवरून दुसऱ्या टोकाला ओढत न्या. मग संगणक स्लीपमध्ये टाकून परत जागा करा. डिस्प्लेपोर्टवर मॉनिटर बंद झाला की तो निघूनच गेला असे संगणक धरतो आणि सगळ्या खिडक्या एकाच स्क्रीनवर गोळा होतात. विंडोज ११ त्या पुष्कळदा परत जागेवर नेते, जुन्या विंडोजमध्ये हाताने लावाव्या लागतात. एखाद्या मॉनिटरवर मेलेला पिक्सेल असेल तर तो पांढऱ्या पडद्यावर लगेच दिसतो. किती मेलेले पिक्सेल असले तर मॉनिटर बदलून मिळेल, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. ते बिलावर लिहून घ्या.

पुढच्या भागात : यूपीएस, इन्व्हर्टर आणि इंटरनेटची दुसरी लाइन.