श्रेयही एकट्याचं, खापरही

जून 2016 मध्ये 'मायटी नंबर 9' हा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि केइजी इनाफुने हे नाव चेष्टेचा विषय झालं. 2013 साली या जपानी निर्मात्याच्या शब्दाखातर 67 हजारांहून अधिक लोकांनी किकस्टार्टरवर 38 लाख डॉलरच्या वर लोकवर्गणी जमवली होती. मागितले होते फक्त नऊ लाख. हाती पडला तो वारंवार लांबलेला, सुमार गेम. इनाफुने म्हणजे दुसऱ्यांच्या कामावर मोठा झालेला माणूस, असा शिक्का तेव्हा बसला तो बसलाच. माझ्या मते हा निकाल अर्धाच खरा आहे.

1987 साली इनाफुने कॅपकॉम कंपनीत चित्रकार म्हणून लागले. त्याच डिसेंबरात 'रॉकमॅन' आला. जपानबाहेर तो 'मेगा मॅन' म्हणून गाजला. या निळ्या नायकाची मूळ कल्पना अकिरा कितामुरा यांची. इनाफुनेंनी तिला रेखीव रूप दिलं. त्या काळी जपानी कंपन्या श्रेयनामावलीत टोपणनावं छापत, त्यामुळे खरा कर्ता खेळाडूंना कळायचाच नाही. पुढे पत्रकारांना एक चेहरा हवा होता आणि इनाफुने समोर होते, बोलके होते. मूळ निर्माता आपण नव्हे, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे. तरीही या कीर्तीचा फायदा त्यांनी घेतलाच ना? घेतला, आणि वर्गणी मागताना तर पुरेपूर घेतला. पण न केलेलं काम आपलं म्हणून सांगणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो त्यांच्या माथी मारता येत नाही.

त्यांचं खरं कर्तृत्व चित्रांपेक्षा निर्मितीत आहे. निर्माता पैसा उभा करतो, माणसं निवडतो, कंपनीला धोका पत्करायला लावतो. 2001 चा 'ओनिमुशा' हा प्लेस्टेशन 2 वर दहा लाख प्रती खपलेला पहिला गेम. 2006 साली त्यांनी 'डेड रायझिंग' आणि 'लॉस्ट प्लॅनेट' काढले, तेही एक्सबॉक्स 360 वर, म्हणजे जपानात फारसं कुणी विकत घेत नसलेल्या यंत्रावर. घरची बाजारपेठ पुरणार नाही हे ओळखून अमेरिकी खेळाडूसाठी नवी कथानकं रचणं हा सोपा जुगार नव्हता, तो लागला. 2009 मध्ये तोक्यो गेम शोमध्ये जपानी गेम उद्योग संपला, असं ते बोलून गेले. विधान उर्मट होतं. पण ते करणाऱ्याने स्वतः दुसरी वाट चोखाळून दाखवली होती, हे टीकाकार विसरतात.

2010 मध्ये कॅपकॉम सोडल्यावर त्यांच्या डोक्यावर 'नाही' म्हणणारं कुणी उरलं नाही. माझ्या मते घसरण इथे सुरू झाली. कंपनीत वरिष्ठांशी भांडून प्रकल्प रेटणाऱ्याचा हट्ट वरिष्ठांमुळेच आटोक्यात राहतो. लोकवर्गणीत उलट प्रत्येक नव्या आश्वासनाला नवे पैसे मिळतात. एकच गेम दहा यंत्रांवर द्यायचं कबूल झालं, त्यातल्या हातात धरून खेळायच्या दोन यंत्रांवर तो कधी आलाच नाही. आणि पहिलं काम अपुरं असतानाच जुलै 2015 मध्ये 'रेड अ‍ॅश' या नव्या गेमसाठी पुन्हा झोळी पसरली गेली. याचं समर्थन मी करू शकत नाही.

इथे दुसरे गेम-निर्माते कोजी इगाराशी यांचं उदाहरण पुढे केलं जातं. त्यांनीही लोकवर्गणीतूनच 'ब्लडस्टेन्ड' केला, उशीर केला, काही यंत्रं वगळली, पण 2019 मध्ये चांगला गेम दिला. आक्षेप रास्त आहे: दोष पद्धतीचा तसा माणसाचाही. मात्र त्या दोषाची हद्द ठरवायला हवी. 'मायटी नंबर 9'चं बरंचसं प्रत्यक्ष काम इंटी क्रिएट्स या कंपनीने केलं होतं, आणि चाहत्यांनाच हिणवणारी कुप्रसिद्ध जाहिरात प्रकाशक कंपनीची होती. 'काहीच नसण्यापेक्षा बरं' हे इनाफुनेंच्या तोंडी घातलं गेलेलं वाक्य तर एका प्रक्षेपणात दुभाष्याने स्वतःहून म्हटलेलं होतं; खुद्द इनाफुनेंनी त्याच प्रक्षेपणात सगळी जबाबदारी आपली असल्याचं म्हटलं होतं.