गाणे घरात, पदवी परमुलखात

बारावीचा निकाल लागला की दापोडी, पिंपरी, निगडी, देहूरोडपासून थेट चाकण-म्हाळुंग्यापर्यंतच्या कामगार वस्त्यांत एकच प्रश्न ऐकू येतो. पोराला डिप्लोमाला टाकायचे की आय.टी.आय.ला? पोरीला नर्सिंगला घालायचे की डी.एड.ला? यापलीकडे तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि एखाद्या मुलीने चुकून सांगितलेच की, मला गाणे शिकायचे आहे, त्यातच पदवी घ्यायची आहे आणि त्यासाठी बाहेरच्या राज्यात जायचे आहे, तर घरात आधी शांतता पसरते आणि मग वादळ उठते.

वकिलीच्या निमित्ताने आणि विहारातल्या बैठकांच्या निमित्ताने असे पालक आमच्याकडे येतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज यासाठी येतात आणि बोलता बोलता खरे दुखणे सांगतात. बाप चाकणच्या कारखान्यात कंत्राटी असतो. सात महिन्यांनी ब्रेक मिळतो. परमनंट होण्याची आशा त्याने सोडलेली असते. तो म्हणतो, "साहेब, गाण्यावर पोट भरतं का? आमच्या आज्ज्यानं गाणीच गायली, काय मिळालं?" या बापाला अडाणी म्हणून हिणवणारे आमच्यात पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यातले नाही. त्याचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याला भावनेने नव्हे, तर माहितीने उत्तर दिले पाहिजे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गाणे आपल्याला परके नाही. आंबेडकरी चळवळ जेवढी भाषणांनी आणि वृत्तपत्रांनी वाढली, तेवढीच ती जलशांनी वाढली. भीमराव कर्डकांचे जलसे गावकुसाबाहेरच्या माणसापर्यंत पोहोचले, कारण ज्याला वाचता येत नव्हते त्याला ऐकता येत होते. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी अक्षरे गिरवली ती मोठेपणी; पण त्यांची गाणी न येणारी आंबेडकरी वस्ती महाराष्ट्रात सापडणार नाही. विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले, गाण्याच्या सेवेतच गेले. आणि स्वतः परमपूज्य बाबासाहेबांनी एवढ्या व्यापातून वेळ काढून व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? ज्या माणसाला घटना लिहायला वेळ पुरत नव्हता, त्याला संगीत ही चैन वाटली नाही.

आपल्या या पट्ट्याचेच पाहा. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. एका बाजूला तुकोबांचे देहू, दुसऱ्या बाजूला ज्ञानोबांची आळंदी, मध्ये देहूरोडचे विहार आणि भोवती कारखाने. पखवाज, टाळ, ढोलकी, हलगी, हार्मोनियम हे सगळे आवाज या मातीत आहेत. चौदा एप्रिलला पिंपरीच्या चौकात रात्रभर गाणारी पोरे कुणाकडे शिकली? कुणाकडेच नाही. ती कानाने शिकली. बापाचे ऐकून, चुलत्याचे ऐकून, कॅसेट लावून शिकली.

मग अडते कुठे? अडते ते कागदावर. गाणे आपल्या घरात आहे. पण गाण्याची पदवी, गाण्याची प्राध्यापकी, गाण्यावरचे संशोधन आणि गाणे कोणते श्रेष्ठ व कोणते हलके हे ठरवण्याचा अधिकार आपल्या घरात नाही. जे आपण गातो त्याला 'लोक' म्हणायचे आणि जे ते गातात त्याला 'शास्त्रीय' म्हणायचे, ही वाटणी कुणी केली? समाजबांधवांनी कोणत्याही विद्यापीठाच्या संगीत विभागातली अध्यापकांची नावे एकदा डोळ्यांखालून घालावीत. आम्ही वेगळे काही सांगायची गरज उरणार नाही.

इतिहास थोडा बारकाईने पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. शास्त्रीय संगीत शेकडो वर्षे घराण्यांत बंद होते. गुरूची मर्जी असेल तर विद्या मिळे. गुरूच्या घरात राहायचे, पाणी भरायचे, ओसरीवर झोपायचे. ज्याच्या सावलीचा विटाळ होतो त्याला ओसरी कोण देणार? विद्यालय आले, अभ्यासक्रम आला, परीक्षा आली आणि निदान कागदावर तरी दार उघडले. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये बडोद्यात मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा काढली. तीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या सादरीकरण कला विद्याशाखेचे मूळ ठरली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले. पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौला संगीताचे कॉलेज उभे राहिले. या मंडळींची दृष्टी आपल्यासाठी नव्हती, हे मान्य. पण प्रवेश अर्जावर मिळू लागला. गुरूच्या मर्जीवर घटनेचे कलम चालत नाही, प्रवेश अर्जावर चालते. हा फरक आपल्या दृष्टीने फार मोठा आहे.

आता खैरागड. छत्तीसगडमधल्या या छोट्या गावातल्या राजघराण्याने आपला राजवाडा संगीतासाठी दिला आणि दिवंगत राजकन्येच्या नावाने इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. त्याचे उद्घाटन झाले १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. होय, तोच दिवस! नागपुरात बाबासाहेब लाखोंना धम्मदीक्षा देत होते, त्याच दिवशी तिथून पूर्वेला संगीत आणि कलांना वाहिलेल्या विद्यापीठाचे दार उघडत होते. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे मराठी गायक तिथले पहिले कुलगुरू. पुण्याहून हावड्याच्या गाडीने नागपूर, गोंदिया ओलांडायचे, राजनांदगावला उतरायचे आणि चाळीसेक किलोमीटर रस्त्याने जायचे. दूर आहे, पण चंद्रावर नाही.

कुणी विचारेल, पुण्यातच सोय असताना एवढ्या लांब कशाला? प्रश्न योग्य आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवते. पिंपरीहून रोज जाऊन-येऊन करता येईल एवढ्या अंतरावर आहे. पहिला अर्ज तिथेच करावा. पण जागा मोजक्या असतात आणि निवड गाऊन दाखवून होते. लहानपणापासून ज्याच्या घरी तानपुरा आहे तो आणि ज्याने विहारात ढोलकीवर गाणे शिकले तो, हे दोघे एकाच रांगेत उभे राहतात. म्हणून एकच अर्ज करून थांबू नये. बडोदा आहे, बनारस हिंदू विद्यापीठ आहे, दिल्ली विद्यापीठ आहे, शांतिनिकेतनचे संगीत भवन आहे, खैरागड आहे. शिवाय केवळ संगीतासाठी वाहिलेल्या संस्थेत चोवीस तास कानावर जे पडते, ते शिकवणीत पडत नाही.

इथे कायद्याचा मुद्दा येतो आणि तो नीट समजून घेणे फार आवश्यक आहे. कारण याच ठिकाणी आपली मुले फसतात. अनुसूचित जातीचा दाखला हा राज्यापुरता असतो. घटनेच्या ३४१ व्या कलमात 'त्या राज्याच्या संबंधात' अशीच भाषा आहे. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव खटल्यात हेच ठरवले. तो मुलगा आंध्रचा, तिथे अनुसूचित जमातीचा. वडील सरकारी खत कंपनीच्या नोकरीमुळे महाराष्ट्रात आलेले. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याने राखीव जागा मागितली आणि ती नाकारली गेली. म्हणजे महाराष्ट्राचा दाखला घेऊन आपली मुलगी खैरागडला किंवा बडोद्याला गेली, तर त्या राज्याच्या राखीव जागेवर तिला हक्क सांगता येत नाही. पण दिल्ली, बनारस, शांतिनिकेतन ही केंद्रीय विद्यापीठे आहेत. तिथे २००६ च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित जातींना पंधरा टक्के जागा आहेत आणि त्यांसाठी महाराष्ट्राचा दाखला केंद्राच्या नमुन्यात चालतो. बौद्धांना केंद्रात ही सवलत १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळाली, हे लक्षात ठेवून दाखल्यावर मूळ जातीची नोंद व्यवस्थित आहे ना, हे आधीच पाहावे. परराज्यातल्या कारकुनाला 'नवबौद्ध' हा शब्द समजत नाही.

शिष्यवृत्तीचे मात्र उलट आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ज्या राज्याचा रहिवासी, त्या राज्याने द्यायची असते. मग मुलगी शिकायला कुठेही जावो. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. तेव्हा खैरागडला प्रवेश खुल्या जागेवर मिळाला तरी शिष्यवृत्तीचा हक्क संपत नाही. प्रवेशाआधीच पुण्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि पोच घ्यावी. महाराष्ट्राची स्वाधार योजना मात्र राज्यातल्या शिक्षणाशी बांधलेली आहे. सीमा ओलांडली की राहण्या-जेवणाचा तो आधार तुटतो. हे अन्यायाचे नाही काय? जी विद्या राज्यात पुरेशी मिळत नाही, तिच्यासाठी बाहेर जाणाऱ्याला अधिक मदत हवी की कमी?

परदेशाचे तर विचारूच नका. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक संशोधन हे विषयच वगळले गेले. म्हणजे आपल्या पोराने जलशांच्या संगीतावर परदेशात संशोधन करायचे म्हटले, तर त्याला सांगणार, हा विषय चालत नाही. आपल्याच वारशावर आपण अभ्यास करायचा नाही, तर करायचा कुणी?

पालकांची दुसरी भीती राहण्याची. मुलगी एकटी, प्रदेश परका, भाषा वेगळी, आणि आडनाव विचारले की जात कळते. ही भीती खोटी नाही. १९१७ मध्ये कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. म्हणून मुलीला पाठवताना नुसते "सांभाळून राहा" म्हणून भागणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेसंबंधी विनियम आणले, त्यांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. प्रवेश घेतानाच त्या अधिकाऱ्याचे नाव आणि नंबर मागून घ्यावा. मूळ कागदपत्रे संस्थेकडे ठेवून घेऊ देऊ नयेत. ती अडकवून ठेवण्यास आयोगाने २०१८ मध्ये मनाई केली आहे. आणि त्या गावातल्या बौद्ध विहाराशी आधीच संपर्क करावा. छत्तीसगडात, बनारसमध्ये, दिल्लीत आपली माणसे आहेत. एका मुलीच्या मागे दोन घरे उभी आहेत, एवढे दिसले तरी पुष्कळ फरक पडतो.

आता बापाचा मूळ प्रश्न: पोट भरेल का? खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. गाण्याच्या पदवीने कारखान्यासारखा पगार पहिल्या महिन्यापासून मिळत नाही. पण कारखाना तरी आता कुठे कायमचा पगार देतो? संगीतात पदव्युत्तर पदवी आणि नेट परीक्षा दिली तर प्राध्यापक होता येते. शाळा आहेत, आकाशवाणीची श्रेणी आहे, ध्वनिमुद्रणाचे तंत्र आहे. सांस्कृतिक मंत्रालयाची अठरा ते पंचवीस वयाच्या कलाकारांसाठी दरमहा पाच हजारांची शिष्यवृत्ती आहे. एक सावधगिरी मात्र हवी. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याच्या २२ व्या कलमानुसार विद्यापीठांनाच आहे. खासगी मंडळांच्या परीक्षा विद्या म्हणून चांगल्या असतील, पण प्राध्यापकीसाठी विद्यापीठाचीच पदवी लागते. जाहिरातीतले 'डिग्री' हे शब्द पाहून पैसे भरू नयेत.

आणि आज्ज्याला काही मिळाले नाही, त्याचेही कारण समजून घ्या. त्याच्या गळ्यात कमतरता नव्हती, त्याच्या हातात करार नव्हता. त्याची गाणी छापली गेली, कॅसेटी निघाल्या, पैसा भलत्यानेच नेला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या वाट्याला संरक्षण दिले. पण स्वरलिपी लिहिता येणारा, करार वाचता येणारा आपला माणूस असेल तरच त्या कायद्याचा उपयोग.

चळवळीकडे म्हणून आमचे मागणे आहे. चौदा एप्रिलच्या वर्गणीतून डी.जे.च्या भिंती उभ्या राहतात. त्यातल्या एका रात्रीच्या भाड्यात एका मुलीचे परमुलखातले कितीतरी महिन्यांचे जेवण होईल. प्रत्येक मोठ्या जयंती मंडळाने एक विद्यार्थी दत्तक घ्यावा. विहारात आठवड्यातून दोन दिवस सुरांचा वर्ग असावा, म्हणजे निवड चाचणीत आपले पोर बिचकणार नाही. समाजकल्याण खात्याकडे आपल्या संघटनांनी मागणी लावून धरावी की, स्वाधारचा लाभ परराज्यात शिकणाऱ्यांनाही द्या. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हा मराठवाड्यातली पोरे पहिल्यांदा घर सोडून शिकायला आली, आणि त्यातून साहित्य उभे राहिले. लेखणीने जे केले ते सुराने का होऊ नये? येत्या निकालानंतर तुमच्या वस्तीतल्या एखाद्या पोरीने गाण्याचे नाव काढले, तर तिला गप्प करण्याआधी तिचा अर्ज भरा.

जय भीम!