मधले वीस किलो

खोपोली-खालापूर पट्ट्यात पावसाळ्यात वजनकाटा तपासायला गेलं की आधी प्लॅटफॉर्मच्या फटींत अडकलेली खडी आणि चिखल काढावा लागतो. त्याआधी इंडिकेटरला दोष द्यायचा नसतो.

मग लोडसेलची केबल सोडवून तिथे सिम्युलेटर लावायचा. आत मोजके अचूक रेझिस्टर, बाहेर एक नॉब. आता काट्यावर ट्रक असो-नसो, इंडिकेटरमधल्या एडीसीला, म्हणजे सिग्नलचा आकडा करणाऱ्या चिपला, ठरावीकच सिग्नल मिळतो. चुकलं तर तोच चुकला. सिग्नल तरी केवढा? 10 व्होल्टच्या पुरवठ्यावर लोडसेल पूर्ण क्षमतेला देतो साधारण 20 मिलिव्होल्ट. 24 बिटांचा एडीसी त्याचे 1 कोटी 67 लाखांवर भाग करतो, पण कागदावर. खालचे कित्येक बिट नॉइजमध्येच जातात, आणि 50 टनी काटा शेवटी 10-10 किलोंनीच सरकतो. काटेवाल्याला मात्र 24 बिट ऐकून बरं वाटतं.

नॉब शून्यावर, आकडा 30 किलो. हा ऑफसेट. याला मी फारसा घाबरत नाही. गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोनदा तोलतात. दोन्ही वेळचे 30 किलो वजाबाकीत उडतात, फक्त मधल्या वेळात ते हलायला नकोत. गेन एरर तसा सुटत नाही. 0.1 टक्का जास्त असला, तर 10 टनांच्या रिकाम्या गाडीला 10 किलो आणि भरून 40 टन झाल्यावर 40. निव्वळ मालात 30 किलो जादा, आणि माल स्टीलचा!

पत्र्याची केबिन दुपारी तापते, त्याने गेन थोडा सरकतो. पुरवठ्याच्या चढउताराची भीती नसते, कारण लोडसेलचाच पुरवठा एडीसीला संदर्भ म्हणून दिलेला असतो. दोन्ही एकदम हलतात, गुणोत्तर तेच राहतं. ही युक्ती ज्याला सुचली त्याला दंडवत.

झिरो आणि स्पॅन लावले, दोन्ही टोकं जुळली. बरेच मेकॅनिक इथेच बॅग आवरतात. नॉब 25 टनांच्या पायरीवर आणला, तर आकडा 20 किलो कमी. पुन्हा फिरवून पाहिलं, तेवढाच. रेषाच मधे वाकलेली. टोकं कितीही ओढली तरी असा बाक जात नाही. काही इंडिकेटरांत मधले बिंदू भरता येतात, यात ती सोय नव्हती. आणि इथल्या दहाचाकी गाड्या भरून साधारण 28 टनांच्या, म्हणजे त्या बाकाच्या जवळच.

“साहेब, पासिंग तर झालंय,” काटेवाला म्हणाला. एडीसीचं कार्ड बदलायचं तर सील तोडावं लागणार, मग वजनमापे खात्याकडून पुन्हा पासिंग, तोवर काटा बंद. बाहेर दोन ट्रक रांगेत उभे होते. मी रिपोर्टात तिन्ही पायऱ्यांचे आकडे लिहिले आणि सही करायला वही त्याच्यापुढे सरकवली.